आठाचं शून्य

केजच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी त्याच गाळ्यात मी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचो. पाटी नव्यानं रंगवून घेतली तरी 'रेडिओ' हा जुना शब्द रंगाखालून पुसट दिसतच राहिला, आणि म्हातारी माणसं शेवटपर्यंत मला रेडिओवालेच म्हणत राहिली. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे आधी एसटीडी बूथ आले, मग छपरांवर डिश आल्या आणि त्यांच्या मागोमाग कंप्युटर आला. त्याचं नक्की काय करायचं हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, पण तो पाहिजे होता.

लोक मोटारसायकलला नुसता मॉनिटर बांधून आणायचे. "कंप्युटर आणलाय, बघा जरा." मी विचारायचो, "अन् डबा कुठाय?" त्यावर उत्तर यायचं, "ते खोकं व्हय? ते चांगलं हाय की. त्याच्यावर फुलदाणी ठेवलीय." उमापूरच्या एका दुकानदारांनी दसऱ्याला कीबोर्डची इतकी मनोभावे पूजा केली, की पुढं कोणतंही बटण दाबलं की बोटाला कुंकू लागायचं. मी तो उघडून ब्रशनं साफ केला, तर त्यांना वाईट वाटलं. "सगळंच काढलं का हो?" म्हणाले.

असली कामं हसतखेळत व्हायची. बंद पडलेलं यंत्र मला कधी अवघड वाटलं नाही. जळालेलं काही असलं तर वास येतो, तुटलेलं असलं तर दिसतं. घाम फोडायचं ते चालू असलेलं यंत्र, जे सगळं व्यवस्थित असल्यासारखं दाखवतं आणि आतून चुकतं. तसं एक यंत्र मला युसूफ वडगावला भेटलं. त्यापायी एका पोरीचं शिक्षण थांबायची वेळ आली होती, म्हणून ते आजही आठवतं.

वडगावला मन्मथआप्पांची धान्याची आडत होती. कपाळावर भस्माचे पट्टे, स्वच्छ धोतर, बोलणं मोजकं. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांची थोरली सून महानंदा लातूरची. बी. कॉम. झालेली, लग्नाआधी कंप्युटरचा कोर्स केलेली. तिनं घराच्या पुढच्या बैठकीत क्लास काढला. तालुक्याला क्लास होते, पण ते बाजारातल्या गाळ्यांत, पोरांच्या घोळक्यात. तिथं मुलींना कोण पाठवणार? महानंदाताईंकडं मात्र आजूबाजूच्या गावांतून जीपमध्ये बसून मुली यायच्या, कारण पोरगी "आप्पाच्या घरी" जाते म्हटलं की आईबापाची काळजी मिटायची.

आप्पांनी क्लासला जागा दिली, पण स्वतः कधी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. विरोध नव्हता, तसं कौतुकही नव्हतं. कुणी विचारलं तर "सूनबाईचं काय ते चाललंय" एवढंच म्हणायचे.

त्या क्लासची मांडणी समजून घेतली पाहिजे. खोलीत मुलींपुढं पाच कंप्युटर होते, पण त्यांच्यात साठवायला डिस्कच नव्हती. ते सुरू झाले की एका काळ्या केबलमधून आतल्या खोलीतल्या मोठ्या कंप्युटरकडं सगळं मागायचे. तो मोठा म्हणजे सर्व्हर. त्या काळात एवढ्या सगळ्यांना वेगवेगळी डिस्क घेणं परवडायचं नाही, म्हणून ही सोय. मुलींचं सगळं काम त्या एका सर्व्हरमध्ये राहायचं. तो घरातच होता, देवघराच्या शेजारच्या खोलीत, एका स्टुलावर, अंगावर विणलेलं आच्छादन घालून.

आता मेमरीचं सांगतो, कारण घोळ तिथंच झाला. आप्पांच्या आडतीचं उदाहरण घ्या. माल गोदामात असतो, पण विकायचा तर तो पुढं काट्याजवळच्या मोकळ्या जागेत आणावा लागतो. डिस्क म्हणजे गोदाम आणि मेमरी म्हणजे काट्याजवळची जागा. गिऱ्हाईक वाढलं आणि जागा तेवढीच राहिली की खोळंबा होतो. महानंदाताईंच्या सर्व्हरचं तेच झालं होतं. सगळ्या मुली एकदम बसल्या की बटण दाबल्यावर अक्षर उमटायला वाट बघावी लागायची. त्या खोळंब्याबद्दल ताई घरात कधीतरी जेवताना बोलल्या असतील. आप्पांनी ते ऐकलं, आणि कुणाला काही न सांगता लक्षात ठेवलं. हे अर्थात मला नंतर कळलं.

मला पहिला निरोप आला तो परीक्षेच्या आधी. कोर्सच्या शेवटी बाहेरून परीक्षक येणार होते, आणि प्रत्येक मुलीला स्वतः बनवलेला एक प्रोग्राम त्यांना दाखवायचा होता. ताई बूथवरून फोनवर म्हणाल्या, "भाऊ, मशिनी मधीच अडकायल्यात. एखादीचं काम गायब व्हायलंय. एक चक्कर मारा."

मी गेलो. नोड, म्हणजे मुलींपुढचे ते कंप्युटर, मध्येच अडकतात म्हटल्यावर पहिला संशय केबलवर. त्या केबलच्या दोन्ही टोकांना एकेक टोपण लागतं, ते सैल झालं की सगळी रांग आडवी होते. एका टोकाचं टोपण खरोखरच गंजलेलं निघालं. ते बदललं. अर्थिंग तपासलं, तर खड्डा कोरडा ठणठणीत. मीठ, कोळसा घालून रोज बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. सगळं सुरळीत चालू झालं, चहा घेतला आणि परत आलो. हातात दोष सापडला होता, म्हणून सर्व्हर उघडायचा प्रश्नच आला नाही.

काही दिवसांनी पुन्हा फोन. यावेळी ताईंचा आवाज वेगळा होता. "अडकणं कमी झालंय भाऊ, पर लिहिलेलं बदलायलंय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. ताईंनी जे सांगितलं त्यात यंत्राची तक्रार कमी आणि एका मुलीची जास्त होती. मुलीचं नाव रुक्साना. बाजारपेठेत सत्तारभाई टेलरचं दुकान होतं, त्यांची थोरली लेक. क्लासमधली सगळ्यात हुशार. तिनं वडिलांच्या गिऱ्हाइकांची मापं ठेवायचा प्रोग्राम केला होता. नाव टाकलं की छाती, कंबर, बाही, कॉलर, सगळं समोर. निम्म्या गावाची मापं तिनं त्यात भरली होती. इतर मुलींचे प्रोग्राम पानभर, हिचं काम सगळ्यांत मोठं.

"अन् एक दिवस कागदावर काढून बघितलं," ताई म्हणाल्या, "तर मापांचा नुसता खेळ. सरपंचाची कंबर अठ्ठेचाळीस, ती चाळीस झालेली. पोरी हसायला लागल्या, सरपंच वाळले म्हणून. मला लई राग आला. परीक्षा तोंडावर, अन् हिनं असं कावून करावं? सगळ्यांपुढं बोलले तिला. लक्ष कुठं असतं तुझं, बापाच्या धंद्याची थट्टा मांडली का, म्हणलं."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणली, मॅडम, मी आठच टाकला होता, शून्य आपोआप झालं. त्याच्यावर तर सगळ्या अजून हसल्या. दप्तर उचलून गेली ती गेलीच. परत आली न्हाई."

मी आच्छादन काढायला हात घातला होता, तो तसाच राहिला. "ताई, आठाचं शून्य झालं. आणखी काय काय बदललं होतं?"

त्यांनी आठवून पाहिलं. "नवाचा एक. छत्तीसला छत्तीसच होतं. बत्तीस, चौतीस... ते सगळं बरोबर होतं."

कंप्युटर कोणताही आकडा लिहितो तो आठ खुणांनी. प्रत्येक खूण म्हणजे दिवा चालू किंवा बंद. आठाची आणि शून्याची ओळ शेजारी शेजारी मांडली तर दोन्हींत फरक फक्त एका दिव्याचा. नऊ आणि एक यांच्यातही नेमका त्याच दिव्याचा. मुलगी निष्काळजी असती तर चुका कुठंही झाल्या असत्या, दोनाचे पाच झाले असते, नाव चुकलं असतं. इथं एकच दिवा मध्येच विझत होता. तो दिवा मेमरीत असतो.

हे मी ताईंना समजावून सांगितलं. त्या खाली बसल्या.

मी सर्व्हरचं झाकण उघडलं. आत मेमरीच्या चार आखूड पट्ट्या रांगेत उभ्या होत्या, तसल्या मी रोज बघायचो. पण त्यांच्या शेजारच्या खाचेत एक लांब, नवीकोरी पट्टी बसलेली होती.

"ही कुणी बसवली?"

ताईंनी दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आप्पांनी आणली. हैदराबादला तुरीच्या सौद्याला गेलते, तिथून. आल्या आल्या बंडीच्या खिशातून पुडी काढली अन् माझ्या हातात दिली. म्हणले, तिथला दुकानदार बोलला, इससे याददाश्त बढेगी. तुझ्या यंत्राला घाल. आमच्या ह्यांनी पेचकसनं डबा उघडून बसवली. मशीन चालू केली तर आकडा वाढलेला. घरात पेढे आणले भाऊ त्या दिवशी."

"आणि घोळ कधीपासून?"

त्यांनी त्या लांब पट्टीकडं पाहिलं. ते उत्तर त्यांनाही आत्ताच सापडलं होतं. मग म्हणाल्या, "भाऊ, एक ऐका. हिच्यामुळंच असलं तरी आप्पांना सांगू नका. केबल म्हणा, लाईट म्हणा, काय पण म्हणा. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी स्वतः होऊन माझ्यासाठी आणलेली ही पहिली चीज हाय. माझ्या क्लासची विचारपूस केली न्हाई कधी, अन् एवढ्या लांबून हे घेऊन आले."

"अन् रुक्सानाला काय सांगायचं?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

आधी खात्री करणं भाग होतं. मेमरी तपासायचा एक प्रोग्राम मी फ्लॉपीवर घेऊन फिरायचो. तो मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि जुळतं का पाहतो. आधी सगळ्या पट्ट्या तशाच ठेवून चालवला. बराच वेळ शांत, आणि मग पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. मग लांब पट्टी काढली. नुसत्या आखूड पट्ट्यांवर एकही चूक नाही. मग आखूड काढल्या आणि लांब एकटीच ठेवली. तिच्यावरही एकही चूक नाही. म्हणजे माल दोन्ही चांगला. दोष फक्त दोन्ही एकत्र बसवण्यात होता.

त्या काळात मेमरीची एक पिढी जात होती आणि दुसरी येत होती. जुन्या आखूड पट्ट्या पाच व्होल्टवर चालायच्या, नव्या लांब पट्ट्यांना साधारण सव्वातीन लागायचे. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी दोन्हींच्या खाचा एकाच बोर्डावर दिल्या, म्हणजे गिऱ्हाइकानं हवी ती वापरावी. दोन्ही एकदम वापरू नयेत, हे बोर्डाबरोबरच्या पुस्तकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं, पण ते पुस्तक गिऱ्हाइकापर्यंत पोचायचंच नाही. खाच मोकळी दिसते, पट्टी बसते, आकडा वाढतो. कुणालाही वाटणार की झालं काम. जुन्या पट्ट्यांची वीज नव्या पट्टीच्या वाटेवर येत राहते, आणि कधीतरी, कुठंतरी एखादा दिवा चुकतो.

त्या सगळ्या तपासणीत दुपार झाली. शेवटचा फेरा चालू असताना दारात आप्पा उभे राहिले. आत आले नाहीत. आपल्याच घरात, आपल्याच सुनेला त्यांनी विचारलं, "येऊ का आत?"

ताई गडबडीनं उठल्या. "या की आप्पा."

आप्पा आले, सर्व्हरकडं एकदा वाकून पाहिलं. "कशानं बिघडलंय?"

"केबल हो," ताई माझ्या आधीच म्हणाल्या. "केबल खराब झालीय."

माझ्या पुढ्यात सतरंजीवर चार आखूड पट्ट्या मांडलेल्या होत्या. आप्पांची नजर त्यांच्यावरून उघड्या डब्यात गेली. आयुष्यभर धान्याचे नमुने पारखणारा माणूस. एकदा पाहिलेली वस्तू ते विसरत नसत.

"केबल खराब अन् पट्ट्या बाहेर काढल्या? ती आतली माझी हाय न्हवं?" ते माझ्याकडं वळले. "भाऊ, खरं काय ते सांगा. सूनबाईला बोलू द्या काय बोलायचं ते."

मग मी सांगितलं. पाच व्होल्ट, सव्वातीन व्होल्ट, खाचा, सगळं. त्यांनी मध्ये एकच प्रश्न विचारला. "दुकानदारानं मला खोटा माल दिला का?"

"नाही आप्पा. माल एक नंबर आहे. एकटी ठेवली तर वर्षानुवर्षं चालेल. पण ह्या जुन्यांच्या बरोबर नाही चालणार."

"मंजे घोळ मीच आणून घातला."

"आप्पा, तुमी चांगल्यासाठीच..." ताई म्हणाल्या. आप्पांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"सत्तारची लेक दिसंना लई दिवस झाले. जाता-येता दुकानापुढं थांबून सलाम करायची. ती ह्याच्यापायीच येत न्हाई का?"

आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ताईंनी सगळं सांगितलं, सगळ्यांपुढं काय बोलल्या तेही, एक शब्द न गाळता. आप्पा ऐकत होते. मग खुंटीवरची टोपी घेतली आणि मला म्हणाले, "चला भाऊ. तुमी संगं चला. मला ते व्होल्टचं सांगता यायचं न्हाई."

बाजारपेठेतून आम्ही निघालो. आप्पा स्वतः होऊन कुणाच्या दुकानी जात नसत, लोक त्यांच्याकडं यायचे. त्यामुळं दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी राहत होती. सत्तारभाईंचं पायमशीन आम्हाला बघून थांबलं. त्यांनी घाईघाईनं खुर्चीवरची कापडं उचलली.

"आप्पा, निरोप धाडला असता तर मीच आलो असतो की!"

आप्पा बसले नाहीत. "लेकीला बोलव, सत्तार."

सत्तारभाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, आणखी काही तक्रार निघाली. "पोरीचं चुकलं असंल तर माफी द्या आप्पा. मी तिचा क्लासच बंद केलाय. तुमच्या घरचं यंत्र बिघडवलं म्हणून लोक बोलायलेत. काज-बटनाला बसवलंय तिला. सोलापूरकडचं एक ठिकाण बघायलोय, देऊन टाकतो म्हणजे बात खतम."

"आधी बोलव तर."

मागच्या खोलीचा पडदा सरकला आणि रुक्साना बाहेर आली. बोटाला सुईच्या खुणा, नजर जमिनीवर. आप्पा तिला म्हणाले, "पोरी, तुझी काईच चूक न्हवती. मी एक वस्तू आणून त्या यंत्रात घालायला लावली, तिनं घोळ केला. बोलणी तू खाल्लीस. हे भाऊ सांगतील."

मी तिला दिव्यांचं समजावलं. ऐकता ऐकता तिची नजर वर आली. माझं पुरतं संपायच्या आत तिनं विचारलं, "मग माझीच फाईल कशी बिघडली? बाकीच्यांची का न्हाई?"

"तुझी सगळ्यांत मोठी होती. बाकीच्यांचं काम जुन्या पट्ट्यांत मावायचं. तुझं वाढत वाढत नव्या पट्टीपर्यंत जायचं."

ती बापाकडं वळली. "अब्बा, मी म्हणलं होतं न्हवं? आठच टाकला होता." एवढं म्हणताना तिचे डोळे भरले. सत्तारभाई गळ्यातला टेप उगाच गुंडाळत होते, सोडत होते.

"मग उद्यापासून ये," आप्पा म्हणाले.

रुक्साना हळू, पण स्पष्ट म्हणाली, "आप्पा, तुमी मोठे हायत. तुमी स्वतः आलात, लई झालं. पर तुमी मला कुठं काय बोलला होता? ज्यांनी बोललं, सगळ्यांपुढं बोललं, त्यांनी सांगावं."

"रुक्साना!" सत्तारभाई ओरडले.

"गप रं सत्तार," आप्पा म्हणाले. "पोरगी बरोबर बोलतीय. हे माझं काम न्हवंच."

घरी आल्यावर आप्पांनी मुलीचं म्हणणं जसंच्या तसं सुनेला सांगितलं आणि आडतीत जाऊन बसले. काय करायचं ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला केजला दुकान उघडायचं होतं, पण मी सकाळी वडगावला गेलो. सर्व्हर जोडून द्यायचा होता हे एक कारण, आणि पाय दुसरीकडं वळत नव्हते हे खरं कारण. ताई सकाळीच सत्तारभाईंकडं गेल्या होत्या. तिथं त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही. रुक्सानाला बरोबर घेऊन त्या भर बाजारातून चालत आल्या. खोलीत सगळ्या मुली बसल्या होत्या. ताईंनी तिला पुढं उभं केलं, स्वतः शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी हिला तुमच्यापुढं बोलले. चूक हिची न्हवती, सर्व्हरची होती. ही खरं सांगत होती अन् मी ऐकलं न्हाई. तुमी हसलात, ते पण माझ्यामुळं. रुक्साना, माझं चुकलं."

मला वाटलं, आता दोघींपैकी कुणीतरी रडणार. रुक्सानानं ओढणी सारखी केली आणि विचारलं, "मॅडम, जुनी फ्लॉपी हाय का? नवी पट्टी बसवायच्या आधीची?"

फ्लॉपी होती, पण तिच्यात निम्मंच काम होतं. उरलेली मापं नव्यानं भरायची, आणि परीक्षा तोंडावर. दुकानातल्या चिठ्ठ्या कधीच फेकलेल्या. तेव्हा सत्तारभाई स्वतः आले. ते दाराशी स्टुलावर बसले, आणि ती नाव घेईल तसे डोळे मिटून माप सांगू लागले. बाही, कॉलर, उंची, कुणाचा डावा खांदा उतरता आहे, कुणाचं पोट दिवाळीनंतर वाढतं, सगळं पाठ. गावातल्या भल्याभल्यांची पोटं अशी जाहीर व्हायला लागली तशी पोरींची हसून हसून पुरेवाट. शेवटी ताईंना सांगावं लागलं, "सत्तारभाई, कंबर जरा हळू सांगा."

सर्व्हरमध्ये मी लांब पट्टी एकटीच ठेवली. आप्पांचं मन राखायला नव्हे. चार आखूड पट्ट्या मिळून जेवढी जागा होती, त्याच्या दुप्पट त्या एकीत होती. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "मंजे माझीच ऱ्हाणार?"

"तुमचीच."

परीक्षेच्या दिवशी शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळं व्होल्टेज पडायला नको, म्हणून आप्पांनी गिरणी बंद ठेवायचा निरोप धाडला. गिरणीवाला निरोप्यावर डाफरला, "कावून बंद ठेवू बे? बाया डबे घेऊन उभ्या हायत." मग आप्पा स्वतः जाऊन गिरणीच्या दाराशी बसले. बायांना म्हणाले, "पोरींची परीक्षा हाय. डबे ठेवून जा, दळून घरपोच पाठवितो." बाया डबे ठेवून गेल्या.

परीक्षक रुक्सानाला म्हणाले, माझंच नाव आणि माप भर. त्यांना स्वतःची छाती किती हेच ठाऊक नव्हतं. बाहेर उभ्या सत्तारभाईंना बोलावून घेतलं, त्यांनी टेप लावून सांगितलं, तिनं भरलं. परीक्षक कागदावर काहीतरी लिहून उठायला लागले, तर ती म्हणाली, "थांबा सर." तिनं फाईल बंद केली, परत उघडली, आकडा न् आकडा बोट ठेवून वाचला, आणि मगच खुर्ची सोडली. परीक्षकांना ते जरा जास्तच वाटलं असावं. पाठीमागं उभ्या ताईंनी मान खाली घातली होती.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. सोलापूरच्या स्थळाला सत्तारभाईंनी नकार कळवला, आणि पुढच्या तुकडीपासून ताईंनी तिला शिकवायला घेतलं. तो क्लास पुढं बरीच वर्षं चालला. नंतर तालुक्याला मोठमोठ्या चकचकीत शाखा आल्या, जीपचा रस्ता सुधारला, मुली तिकडं जाऊ लागल्या आणि वडगावची खोली पुन्हा बैठकीची खोली झाली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. अशा खोल्या त्या काळात आमच्या भागात किती होत्या आणि त्यांतून किती मुली बाहेर पडल्या, त्याची कुठं नोंद नाही. माझंही दुकान आता नाही. हल्ली बऱ्याच यंत्रांत मेमरी बोर्डालाच चिकटवून येते, काढता येत नाही, बदलता येत नाही. बिघडलं की टाकून द्यायचं. माझ्या हातांना आता कामच नाही.

परीक्षेनंतर काही महिन्यांनी मी सर्व्हरची धूळ काढायला वडगावला गेलो होतो. क्लास भरलेला होता, पण कोपऱ्यातल्या नोडपुढं मुलीऐवजी धोतर आणि टोपी दिसली. आप्पा एका बोटानं, प्रत्येक अक्षर शोधत, स्वतःचं नाव उमटवायचा प्रयत्न करत होते. रुक्साना मागं उभी होती. त्यांनी काहीतरी भलतंच बटण दाबलं आणि पडद्यावरचं सगळं गेलं.

"आप्पा!" ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "किती वेळा सांगितलं, ते बटण दाबू नका. लक्ष कुठं असतं तुमचं?"

महानंदाताईंनी खडू खाली ठेवला. ज्यांच्यापुढं गावात कुणी आवाज चढवत नसे, त्या आप्पांनी टोपी सरळ केली, बोट परत पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि मान न वळवता म्हणाले,

"चुकलं, मॅडम."